डोमाजींच्या बावन्न शाखा

"फोनमध्ये नुसतं ‘फवारणी पंप दुरुस्ती’ लिहा, पह्यलं नाव माह्यं येते," असं डोमाजी खोब्रागडे बोरी अरबच्या चहाच्या टपरीवर रोज सांगत. ऐकणाऱ्याने नुसती मान डोलावून भागत नसे. त्याला फोन काढायला लावून, डोमाजींचं नाव मोठ्याने वाचायला लावत, तेव्हा कुठे त्यांच्या घशाखाली चहा उतरे.

आणि ते खरंही होतं. एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झाल्यावर डोमाजींनी घरासमोर दुकान टाकलं आणि सून दीपाने त्याची छोटीशी वेबसाइट केली. दुकानाचं कौतुक त्यात दोनच ओळी. बाकी सगळं तिने सासऱ्यांना, म्हणजे तिच्या मामाजींनाच, विचारून लिहिलं होतं: धार बारीक झाली तर नोजल कसं साफ करायचं, बॅटरी लवकर का उतरते, वॉशर कधी बदलायचा. दिग्रस, नेर, पुसदकडचे लोक ते वाचत, आणि नाहीच जमलं तर पंप पाठीला अडकवून दुकानात येत.

जूनमध्ये दीपा महिनाभराच्या ट्रेनिंगला यवतमाळला गेली. दुकानाची वेळ बदलली तर बदलता यावी म्हणून पासवर्ड कागदावर लिहून गेली. डोमाजींनी वेळ सोडून सगळं बदललं.

आधी घरगुती दुरुस्तीची सगळी माहिती काढून टाकली. डॉक्टर कधी दवाखान्याच्या पाटीवर औषधं लिहून ठेवतो का, असा त्यांचा सवाल होता. मग शेजारच्या फुलसिंग राठोडने सल्ला दिला, "भाऊ, जितक्या डाव नाव लिहिसान तितकं वर पक्कं बसते म्हणते."

डोमाजी बसले लिहायला. "पंप दुरुस्तीसाठी उत्तम पंप दुरुस्तीवाले पंप दुरुस्ती केंद्र म्हणजे पंप दुरुस्ती," असं करत करत तीनशे वेळा. फुलसिंग ते मोठ्याने वाचून दाखवू लागला तेव्हा डोमाजींच्या पत्नी रुखमाबाई कणकेच्या हातानेच बाहेर आल्या. "कॅसेट अटकली का तुमची?"

एवढ्यावर थांबते तर ते डोमाजी कसले. त्यांनी बावन्न गावांची बावन्न पानं केली. मजकूर तोच, फक्त वर ‘आमची अमुक शाखा’.

"भाऊ, फुलसावंगीत तुमचं दुकान कुठी आहे?" फुलसिंगने विचारलं.

"साडूच्या पोरीचं सासर आहे तिथं," डोमाजी म्हणाले. "शाखाच झाली ना ते."

काही दिवस सगळं आबादीआबाद होतं. मग एका सकाळी टपरीवर नाव दुसरं आलं. आठवड्याने सातवं. पुढे तर अंगठा दुखेपर्यंत पडदा सरकवावा लागला. अखेर आठव्या पानावर, टाकीवर मोटर बसवणारा एक आणि सायकलीत हवा भरायचे पंप विकणारा एक, या दोघांच्या मधोमध अंग चोरून बसलेले डोमाजी सापडले. त्या दिवसापासून ते टपरीऐवजी घरीच चहा घेऊ लागले.

फोनही गप्प झाला. बिघडला असेल म्हणून त्यांनी फुलसिंगला शेजारून फोन लावायला सांगितलं.

"आवाज येते का?"

"भिंतीवरूनच येऊन राह्यला, भाऊ."

कपाशीवर कीड पडायचे दिवस आले तरी दुकानात चिटपाखरू नव्हतं. आणि एका दुपारी घंटी वाजली.

"डोमाजीभाऊ का? मी किसनराव बोलतो, फुलसावंगीहून. तुमची शाखा सापडून नाही राह्यली. तुमच्या पानाचा फोटो कोणीतरी आमच्या ग्रुपवर टाकलता. अकरा पंप घेऊन बाजारात दोन चकरा झाल्या."

डोमाजी म्हणाले, "आज बंद आहे शाखा."

"उद्या उघडते?"

"उघडते," असं त्यांच्या तोंडून निघून गेलं.

संध्याकाळी दीपा परतली. तिने वेबसाइट उघडली आणि बावन्नही पानं एकेक करून वाचली. तिचं ओरडणं परवडलं असतं, असं डोमाजींना वाटलं.

"मामाजी," ती शेवटी म्हणाली, "लोक आपलं नाव वाचाले येतच नव्हते. पंप कसा सुधरवाचा ते पाहाले येत होते. तेच तुम्ही काढलं. मंग लोक आले, एक ओळ वाचली अन् पळाले. गूगलले वाटलं, इथं काहीच नाही. वरून एकच पान बावन्न डाव, अन् बावन्नही खोटे."

"आता?" डोमाजींनी किसनरावांचा फोनही सांगून टाकला.

"जुनं परत टाकतो मी. वर याले किती दिवस लागतीन, सांगता येत नाही. तुम्ही उद्या पह्यल्या गाडीनं फुलसावंगीले जा."

"कायले?"

"शाखा उघडाची आहे ना."

अवजारांची पेटी मांडीवर घेऊन डोमाजी गाड्या बदलत फुलसावंगीला पोचले. बाजारात एका लिंबाखाली अकरा माणसं अकरा पंप घेऊन उभी होती.

"बोर्ड कुठी आहे?" किसनरावांनी विचारलं.

"बोर्ड नाही, शाखाही नाही," डोमाजी खाली मान घालून म्हणाले. "मी खोटं लिहिलतं."

"मंग तुम्ही आले काहून?"

"पंप तर खरे आहेत ना तुमचे."

किसनरावांनीच लिंबाखाली पोतं अंथरलं. सात पंपांची नुसती नोजलं तुंबली होती. डोमाजींनी ती साफ कशी करायची ते सगळ्यांना दोनदा दाखवलं. दुपारपर्यंत अकराही पंपांतून धार सुटू लागली, आणि भाकर किसनरावांच्या घरी झाली.

वेबसाइट हळूहळू वर चढते आहे. पोळ्यापर्यंत तिसऱ्या पानावर आली होती. दीपाने बावन्न पानं खोडली, पण लोकांच्या फोनमधले फोटो खोडणार कोण? परवा झरी जामणीहून कोणा लखीरामचा फोन आला. सतरा जण पंप घेऊन उभे होते, शाखा सापडत नव्हती.

डोमाजींनी दीपाकडे पाहिलं. ती उद्यासाठी त्यांचा डबा विसळायला घेत होती.

"बरं, लखीरामभाऊ," ते हळू आवाजात म्हणाले, "तिथं सावलीचं झाड कोणतं आहे?"