बाबांच्या मेंदूचा मुखत्यार

मेंदू कितीही रंग बदलू दे, माझा प्रोग्राम त्याला पुरून उरेल, असं मी आमच्या प्रयोगशाळेत छातीठोकपणे सांगून बसलो होतो!

त्याचं असं झालं, पक्षाघाताने माझ्या सासऱ्यांचे हात गेले, वाचा गेली. डोकं मात्र शाबूत! आमच्या साहेबांनी त्यांच्या मेंदूवर सिग्नल टिपणारी एक चकती बसवली. बाबांनी नुसतं मनात आणलं की पडद्यावरचा बाण सरकायचा. चहा, दूध, टीव्ही, झोप असे चौकोन, खाली मुळाक्षरं. बोलायची तेवढीच वाट उरली होती. पण मेंदूचे सिग्नल रोज बदलतात, कालची खूण आज चालत नाही. म्हणून रोज सकाळी अर्धा तास कवायत: "बाबा, बाण उजवीकडे, आता डावीकडे." त्यांना कंटाळा, मला त्याहून!

मग मी शक्कल लढवली. कवायत बंद! बाण चुकला की शेजारच्या माणसाने बरोबर चौकोन दाबायचा, त्यावरून प्रोग्राम आपोआप शिकेल. शेजारी कोण? अस्मादिक!

बाण चहावर गेला. "अहो बाबा, साखर वाढेल! सिग्नल बिघडला वाटतं," म्हणत मी दूध दाबलं. टीव्हीवर गेला. "छे, या वेळी?" मी झोप दाबली. अक्षरांकडे वळला. "दमाल हो!" पुन्हा झोप. आठवड्याभरात चूक औषधालाही उरली नाही!

"जावईबापू, यांनी जन्मात दुधाला तोंड लावलं नाही हो," सासूबाई म्हणाल्या.

"आई, मेंदू बदलतो!"

मग साहेब घरी पाहणीला आले.

"आजोबा, चहा?" बाण दुधावर.

"मग टीव्ही बघू या?" बाण झोपेवर.

"वा! काय शिस्तीचा पेशंट!" साहेब खूश. मी फुगलो. बाबा मात्र लालबुंद!

"कसली डोंबलाची शिस्त?" सासूबाई कडाडल्या. "ते जीव तोडून सांगताहेत आणि हे यंत्र जावयाची री ओढतंय! पुसा आधी ते शिकवलेलं!"

मला दाराबाहेर उभं करून त्यांनी थेट साहेबांनाच कवायतीला जुंपलं. अर्ध्या तासाने बाण चहावर गेला आणि तिथेच थांबला. दोन घोट पोटात गेल्यावर बाबांनी समाधानाने क्षणभर डोळे मिटून घेतले. मला खरंच लाज वाटली. उरलीसुरली भाषाही मी त्यांच्याकडून काढून घेतली होती.

मग बाबांनी एकेक अक्षर जोडत लिहिलं: "मुलीला फोन लावा."

"किती प्रेमळ बाप!" साहेबांचे डोळे पाणावले.

ती मुलगी म्हणजे माझी बायको. मला दारातच घाम फुटला!