मी बायकोला मुक्त केलं

अख्ख्या धुळ्यात त्या वेळी एकच पुरुष स्त्रीवादी होता, आणि तो मी! ही गोष्ट एक्याण्णव सालच्या मार्चमधली. वाचनालयात एका बाईंचं व्याख्यान ऐकलं आणि मी पार बदललो. घरोघरच्या बायका किती राबतात, हे ऐकताना माझी मलाच लाज वाटली. घरी येईपर्यंत ठरवूनच टाकलं, आपल्या नर्मदाला मुक्त करायचं! तिला मात्र काही बोललो नाही. एकदम करूनच दाखवू म्हटलं.

रविवारी सकाळी संधी दारात आली. गल्लीतल्या बारा बायका पदर खोचून उभ्या! आमच्याकडे बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, थापायचे होते. नर्मदानं पहाटेपासून चुलीवर ज्वारीचा घाटा शिजवला होता आणि आता ती वाळवणासाठी खाट मागायला मागच्या गल्लीत गेली होती.

"बायांनो, घरी जा!" मी हात उंचावून म्हणालो. "माझी बायको आजपासून राबणार नाही. मी स्त्रीवादी आहे!"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांच्यातल्या सगळ्यात वडील रुक्माबाई. त्या म्हणाल्या, "बरं भाऊ." आणि सगळ्या निघून गेल्या. क्रांती इतकी सोपी असते, हे मला ठाऊकच नव्हतं!

नर्मदा खाट घेऊन आली. "बाया कुठे गेल्या?"

"मुक्त केल्या! तुलाही केलं!"

तिनं खाट धपकन खाली ठेवली. "अहो, घाटा गार झाला की थापता येत नाही! पाच पायल्या ज्वारी आहे, वर्षाच्या बिबड्या! बारा घरी जाऊन थापून आले मी. द्रौपदाबाईंकडे तर अंगात ताप असताना गेले. आज कुठे माझा नंबर आला होता…" तिचे डोळे भरून आले.

मी चप्पल न घालताच पळालो. रुक्माबाई निवांत चहा पीत बसल्या होत्या.

"अक्का, चला ना! घाटा गार होतोय!"

"आते तुम्हीच थापा, भाऊ! आम्ही बठ्ठ्या मुक्त व्हई ग्यात!"

बाराही दारांत हात जोडले. कुणी खिडकीतून हसलं, कुणी दार लोटून घेतलं. शेवटी रुक्माबाईंनाच दया आली. "तुम्हनाकरता नही, नर्मदाकरता येतस. पन तुम्हले बी थापनं पडी!"

त्यांच्या एका हाकेवर बाकीच्याही आल्या. गच्चीवर खाट टाकली, ओली धोतरं अंथरली. घाटा अजून चटका देण्याइतका गरम होता, ते मला पहिल्याच गोळ्याला कळलं! माझी बिबडी चपलेच्या तळव्यासारखी झाली. ती बघून नर्मदा खुदकन हसली, आणि माझा जीव भांड्यात पडला. बारा जणींच्या हातांनी पातेलं भराभर रिकामं होत होतं.

"भाऊ," रुक्माबाईंनी थापता थापता विचारलं, "स्त्रीवादी म्हंजे काय?"

मी ताठ बसलो. "अक्का, जो पुरुष आपल्या मनाचं बाईवर लादत नाही, आधी तिला काय हवं ते विचारतो, तो स्त्रीवादी!"

"अस्सं! नर्मदा, मंग तुले काय वाटस? भाऊ स्त्रीवादी शेतस का?"

"म्हणजे काय!" मी म्हणालो. "तिलाही तसंच वाटतं!"