नाव वाचता येईल अशा वेगाने

पंखा फिरतो तेव्हा दिसत नाही आणि दिसतो तेव्हा फिरत नाही. हे मी मरोळला शिकले. तिथल्या औद्योगिक वसाहतीत पंख्यांच्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं वाइंडिंगला होते, म्हणजे तांब्याच्या तारेचे वेढे भरायला. (आता त्या जागी काचेची इमारत आहे. खिडक्या उघडत नाहीत म्हणून ए.सी. लावलाय, आणि ए.सी. लावलाय म्हणून खिडक्या उघडत नाहीत.)

पंख्याने हवा थंड होते हा गैरसमज आहे. पंखा गरम हवाच इकडची तिकडे करतो. त्याने घाम वाळतो आणि माणसाला वाटतं, चला, काहीतरी झालं. आमच्या चारकोपच्या सोसायटीची कमिटीही याच तत्त्वावर चालते. फरक इतकाच, की पंख्याला सुरुवातीचा रेटा द्यायला काडेपेटीएवढा कंडेन्सर असतो. कमिटीसाठी तसा अजून बाजारात आलेला नाही.

सोसायटीच्या हॉलमधला पंखा सर्वेश तोडणकरने वडिलांच्या स्मरणार्थ दिला. तीन पाती, तिन्हींवर लाल ऑइल पेंट: 'कै. राजाराम', 'तोडणकर', 'यांच्या स्मरणार्थ'. तिसऱ्या पात्यावर अक्षरं जास्त, म्हणून रंगही जास्त, म्हणून पंखा लावला की मान डोलवायचा. राजारामभाऊंनी बावीस वर्षं सेक्रेटरी असताना कोणाच्याही अर्जाला मान डोलावली नव्हती, त्यामुळे सदस्यांनी ही सुधारणा मानली. माझी शेजारीण नंदा तेवढी म्हणाली, "जितो आसताना कोणाक वारो घातल्यान नाय, आता मेल्यार घालतलो?"

घातला. वर्षभर चांगला घातला. मग पहिल्या पुण्यतिथीला सर्वेश नातेवाइकांना पंखा दाखवायला घेऊन आला. उकाडा असल्यामुळे कोणीतरी आधीच तो पाचवर लावला होता. नातेवाइकांनी बराच वेळ माना वर करून लाल वर्तुळाचं दर्शन घेतलं आणि चहा पिऊन गेले.

तोपर्यंत सर्वेश स्वतः सेक्रेटरी झाला होता. (रीतसर निवडणूक झाली. उमेदवार एक होता.) त्याने हॉलच्या दारात उभं राहून शास्त्रीय पाहणी केली. पंखा एकवर असताना नाव चाळिशीच्या आतल्यांना वाचता येतं. दोनवर असताना, ज्यांना ते आधीच पाठ आहे त्यांना वाचता येतं. तीनपासून पुढे देणगी वाया जाते. त्यावरून ठराव मंजूर झाला:

'हॉलमधील पंखा सभासदांच्या सोयीसाठी कायम चालू ठेवण्यात येईल. मात्र नाव वाचता येईल अशा वेगाने.'

रेग्युलेटर एकवर ठेवून त्याचं बटण काढलं आणि सेक्रेटरीच्या खणात ठेवलं.

याचा त्रास एकाच व्यक्तीला झाला, आणि एका व्यक्तीच्या त्रासाला आमच्या नियमांत जागा नाही. ती व्यक्ती म्हणजे आमच्याच सोसायटीतल्या अंबादासची मुलगी संघमित्रा. ती सरकारी दवाखान्यात नर्स आहे. वॉर्डची इन्चार्ज होण्यासाठी तिला खात्याची परीक्षा द्यायची होती, सव्वीस मेला, आणि तिची ही शेवटची संधी होती. घरी दोन खोल्या, सहा माणसं आणि एक टीव्ही, जो सातवा माणूस समजायला हरकत नाही. ड्युटी संपली की ती हॉलमध्ये बसायची. वहीच्या पानावर घाम टपकायचा आणि औषधांची नावं एकमेकांत मिसळायची. नर्सच्या बाबतीत हे बरं नव्हे.

एप्रिलच्या शेवटी पंखा थांबलाच. नुसता गुणगुणायला लागला. कंडेन्सर गेला की असंच होतं. कमिटीने मात्र नोंद केली की नाव आता सर्व बाजूंनी, सर्व वयोगटांना वाचता येतं आणि स्विच चालू असल्याने पंखा ठरावाप्रमाणे चालूच आहे.

लेकीचे हाल बघून अंबादासने छत्रीच्या मुठीने पात्याला ढकललं. पंखा फिरला. कंडेन्सर मेलेला पंखा ज्या बाजूने ढकलाल त्या बाजूने फिरतो, त्याला स्वतःचं मत उरत नाही. अंबादासने उलटा ढकलला. पंखा आठ दिवस इमानाने छताला वारा घालत होता. छतावरची पाल खूश होती.

मी सर्वेशला गाठलं. "अरे, कंडेन्सर बदलायचाय फक्त. दहा मिनिटांचं काम. मी करते."

"काकू, तुम्ही त्र्याहत्तर वर्षांच्या. पडलात म्हणजे?"

"पडले तर माझ्या नावाचा एक पंखा लाव."

"तसं नाही हो. पंखा देणगीचा आहे ना. त्याला हात लावायचा म्हणजे ठराव पाहिजे, आणि कोरम नाही."

कोरम नव्हता हे खरं. मे महिन्यात आमची अर्धी कमिटी कोकणात आंबे उतरवत असते. दोन दिवसांनी सर्वेशही देवगडला गेला, खणाची किल्ली घेऊन.

रविवारी मी टेबलावर स्टूल ठेवलं. संघमित्राने स्टूल धरलं, नंदाने दार धरलं.

"काकू, झटका बसला तर?"

"तू नर्स आहेस ना गं? तेवढाच अभ्यास."

मेन स्विच बंद केला. दांड्याची वाटी सरकवली, जुना कंडेन्सर काढला, नवा जोडला. दहा मिनिटं लागली, त्यातली सात चढण्याउतरण्यात. वर होतेच, तर तिसऱ्या पात्यावरचा जादा रंग पटाशीने खरवडला, अक्षरं तशीच ठेवून, आणि तिन्ही पाती ओल्या फडक्याने पुसली. बादलीतलं पाणी नंदाने कोणालाही दाखवलं नाही. खाली उतरून रेग्युलेटरचा दांडा पकडीने पाचवर फिरवला.

पंखा सुलटा फिरला. पाल निघून गेली. संघमित्राच्या वहीची पानं उडायला लागली, तेव्हा तिने वर पाहिलं, हसली आणि पानांवर माझी पकड ठेवली.

चार दिवसांनी सर्वेश गावाहून थेट हॉलमध्ये आला, आंब्याची पेटी खांद्यावर, शर्ट पाठीला चिकटलेला. त्याने वर पाहिलं. नाव नव्हतं. तो ओरडायला तोंड उघडणार तोच वारा लागला आणि तो बसला. बराच वेळ बसला.

"बाबा इथेच बसायचे, दुपारचे," तो म्हणाला.

"ठाऊक आहे. तेव्हा इथे पंखा नव्हता. आम्ही तीनदा अर्ज दिला होता."

यावर त्याने दोन आंबे दिले.

जूनमध्ये कोरम झाला आणि नवा ठराव आला: पंखा हवा तितका फिरवावा. दरवर्षी पुण्यतिथीला तो दोन मिनिटं बंद ठेवावा, सर्वांनी उभं राहून नाव वाचावं आणि त्याच दिवशी पाती पुसावीत. मूळ ठराव रद्द केलेला नाही, कारण त्यासाठी दोन-तृतीयांश सभासद लागतात.

संघमित्रा पास झाली. वॉर्डचा चार्ज घेतला त्या दिवशी तिचा फोन आला. वॉर्डात अकरा पंखे आहेत, म्हणाली, अकराही देणगीचे, आणि प्रत्येकावरचं नाव स्वच्छ वाचता येतं.

"काकू, पकड घरीच आहे ना?"

तुम्हाला हसू आलं असेल. खुशाल हसा, पण हसून झालं की तुमच्या डोक्यावरचा पंखा जरा बंद करा आणि खुर्चीवर चढून पात्यावर बोट फिरवा. तो पंखा कोणाच्या स्मरणार्थ नाही, म्हणून त्याला पुसायला पुण्यतिथीही नाही. त्या धुळीत बोटाने तुमचं नाव लिहा. अगदी स्पष्ट वाचता येईल.