अठराव्या प्रकरणाचा दोरा

चंद्रभागाबाईंची पहिली कादंबरी पोलादपुरात आली ती एस.टी.च्या टपावर बसून, तीन गठ्ठ्यांत आणि शेजारच्या सुक्या मासळीच्या पाटीचा वास घेऊन. त्यांचे यजमान मुरारीराव टपाल कचेरीत कारकून होते. त्यांनी गठ्ठे खाटेखाली सरकवले आणि कंबर धरून म्हणाले, "साहित्यसेवेला इतकं वजन असतं हे मला माहीत नव्हतं."

बाई मुलींच्या शाळेत शिकवत. दर रविवारी डोंगरातल्या वाड्यांवरच्या बायका मुंबईतल्या नवऱ्यांना पत्रं लिहून घ्यायला त्यांच्याकडे येत. सहा वर्षं बाईंनी 'इकडील सर्व खुशाल, तिकडील खुशाली कळवणे' लिहिलं, आणि सातव्या वर्षी त्या पत्रांत जे कधीच लिहिलं जात नाही ते लिहायला बसल्या. त्यातून 'आतली कडी' झाली. वेणू नावाची बाई. नवरा मुंबईला गिरणीत. बारा वर्षं ना पत्र ना पत्ता. सतराव्या प्रकरणात तो घरी येतो. अठराव्यात वेणू दाराची आतली कडी लावते आणि पुन्हा काढत नाही. खरं सांगायचं तर पहिली सतरा प्रकरणं बाईंनी हे अठरावं लिहायला मिळावं म्हणूनच लिहिली होती.

मुंबईच्या प्रकाशकांना नेमकं तेच नको होतं. 'आमच्या वाचक भगिनींना हा शेवट रुचणार नाही,' असं त्यांनी चार पत्रांतून कळवलं, आणि रुचेल असं बाईंनी पाच पत्रांतून. शेवटी प्रकाशकांनी हात टेकले, पण अट घातली. शेवट आवडल्याचं एका तरी भगिनीचं पत्र दिवाळीच्या आत आलं, तर बाईंच्या पुढच्या कादंबरीचं बोलू. नाही आलं तर दुसऱ्या आवृत्तीत गोष्ट सतराव्या प्रकरणावर संपेल. तोवर प्रचाराचं बाईंनी आपल्या भागात पाहावं.

बाईंनी पाहिलं. महाडच्या एका वाचनालयात कार्यक्रम झाला. अध्यक्ष वकील होते. ते स्त्रियांच्या कर्तव्यांवर तासभर बोलले आणि पुस्तकही चांगलंच असावं अशी आशा व्यक्त करून बसले. बारा बायकांनी बारा प्रती घेतल्या. "आधी हे वाचून बघतील," असं बाराही जणी म्हणाल्या. त्यांच्या ह्यांनी वाचून बघितलं, आणि पंधरा दिवसांत बाराही प्रती परत आल्या. एका प्रतीत अठराव्या प्रकरणाच्या डोक्यावर 'अनावश्यक' असा शेरा होता. अक्षर फार वळणदार होतं.

"निदान वाचलं तरी," मुरारीराव म्हणाले.

"तुम्ही वाचलंत?"

"मी घरचाच आहे. मला काय घाई."

श्रावणात एका रविवारी वरच्या कोंडातली ठकूबाई पत्र लिहून घ्यायला आली. वरचा कोंड म्हणजे कशेडीच्या अंगाला डोंगरात बसलेली पंचवीसेक घरांची वस्ती. तिथले बहुतेक पुरुष मुंबईत, आणि कोंडाचा सगळा कारभार ठकूबाईच्या जिभेवर. तिचा स्वतःचा म्हातारा तीस वर्षं मुंबईत एका गोदामावर पहारेकरी होता. पत्र झाल्यावर बाईंनी धीर करून एक प्रत तिच्या हातात ठेवली.

"ह्याच्यात काय हाय?" ठकूबाईनं विचारलं.

लेखिका म्हणून बाईंना कोणी विचारलेला हा पहिलाच प्रश्न. त्या हरखून म्हणाल्या, "एका बाईचा नवरा मुंबईला गेलेला असतो. तो घरी येतो."

"येतो? नक्की येतो?"

"येतो ना."

"कितव्या अध्यायाला?"

"सतराव्या. पण खरं पुस्तक अठराव्यात आहे. ते ऐका आणि कसं वाटलं ते मला येऊन सांगा."

ठकूबाईचं अठराव्याकडे लक्ष नव्हतं. तिनं पुस्तक दोन्ही हातांनी कपाळाला लावलं. "सोवळं किती पाळायचं?"

"सोवळं कसलं? जेवताना वाचलंत तरी चालेल."

पोथी लिहिणाऱ्या बाईनंच असं बोलावं हे ठकूबाईला आवडलं नाही. तिनं कनवटीचा नवा खण सोडला, त्यात पुस्तक गुंडाळलं आणि पाटीत सुकट होती म्हणून ते हातात धरून चार मैल डोंगर चढली.

कोंडात आजवर पुस्तक म्हणून जे काही आलं होतं ते पोथीच होतं. श्रावणात लावण्या उरकल्या की पोथी लागायची, रोज एक अध्याय, आणि वाचायची गोमाजीनं. गोमाजी कोंडातला एकटा साक्षर बाप्या आणि त्याला वाचण्याची एकच चाल येत होती.

अठरा दिवसांनी कोंडातली तुळसा धापा टाकत बाईंच्या दारात आली. तुळसाचा नवरा सोनबा तीन वर्षांत गणपतीलासुद्धा फिरकला नव्हता. त्याला लिहिलेली पत्रं बाईंना पाठ होती.

"मास्तरीणबाय, उद्याच्याला समाप्ती हाय. तुमाला बोलवायचं म्हनून आजचा दिस पोथी थांबवली. काल सतरावा अध्याय झाला, नि आज सकाळी ह्ये दारात हुबे."

"कोण?"

"आमचं मानूस. ट्रंक घेऊन."

सोनबाच्या खोलीतले सगळे गणपतीला गावी निघाले होते आणि भाकरी भाजायला मागे कोणी उरलं नव्हतं, म्हणून तो आला होता. हे बाईंना पुढे कळलं. कोंडाला कधीच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाई वर गेल्या. तुळसाच्या सारवलेल्या ओटीवर पाट, पाटाभोवती रांगोळी, पाटावर 'आतली कडी'. वेष्टणावरच्या वेणूला हळदकुंकू वाहिलेलं. चाळीसेक बायका हात जोडून बसलेल्या. गोमाजीनं पहिल्या दिवशी 'सर्व हक्क लेखिकेच्या स्वाधीन' इथपासून सुरुवात केली होती, आणि तो अध्याय फार भारी होता असं दोघी-तिघींनी बाईंना मुद्दाम सांगितलं. बाईंचे डोळे भरून आले. चाल कसली का असेना, चाळीस बायकांनी सतरा दिवस आपलं पुस्तक ऐकलं होतं. आता उरलं होतं ते अठरावं प्रकरण.

गोमाजीनं घसा साफ करून चालीवर धरलं, "वेणूऽने त्याच्याकडे पाहिलेऽ, मऽग दार लोटूनी आतली कडीऽ..."

"थांब रे," ठकूबाई म्हणाली. "कडी कुटं? नवरा आत का भायेर?"

गोमाजीनं दोन ओळी पुढे पाहून सांगितलं, "भायेर."

ओटीवर कुजबुज झाली. तुळसानं घाबरून आत पाहिलं. आत सोनबा घोरत होता.

"मिटव पोथी," ठकूबाई म्हणाली. "आलेला मानूस भायेर काढायचा अध्याय सणासुदीला नको. हितंच समाप्ती."

"ठकूबाई, अहो, तेच तर खरं पुस्तक आहे," बाई काकुळतीला आल्या. "बारा वर्षं तिनं काय काय सोसलं ते तुम्ही ऐकलंत ना? मग तिनं दार का उघडावं?"

"सोसलं तर. रडलो की आमी," ठकूबाई समजुतीनं म्हणाली. "पर तुमी लिवलं म्हनून तुमाला त्याची माया. आमाला घरं हायत, बाय."

कोणी चुकून उघडू नये म्हणून तिनं अठराव्या प्रकरणाची पानं मुठीत धरली आणि लाल दोऱ्यानं उभी-आडवी बांधली. मग पुस्तकाची आरती झाली. बाईंनीही टाळ्या वाजवल्या, कारण दुसरं काही सुचेना.

चार दिवसांवर गणपती आले. दर वर्षी येतात तसे सगळ्या कोंडांतले चाकरमानी घरी आले. पण या वर्षी ते पोथीनं आले. बातमी वरंधच्या बाजूपर्यंत गेली आणि बाईंच्या दारात बायकांची रीघ लागली. खाटेखालचे गठ्ठे सुटले. अडचण एकच होती. दोरा नसलेली प्रत कोणी घेईना.

"ही कच्ची दिसते," बायका पान उलटून म्हणत. "बांधलेली द्या."

बाईंनी दोरा बांधायला साफ नकार दिला. तेव्हा मुरारीराव कचेरीतून आल्यावर ओटीवर बसून बांधू लागले. टपालाच्या थैल्या बांधून त्यांचा हात बसलेला होता. त्यांची गाठ कोणाला सुटत नसे.

"स्वतःच्या बायकोचं तोंड बांधताय तुम्ही," बाई म्हणाल्या.

"पुस्तक खपतंय," मुरारीराव दोरा दातानं तोडत म्हणाले. "तोंडाचं नंतर बघू."

नवरात्रात प्रकाशकांचं पत्र आलं. विक्री पाहून ते थक्क झाले होते. वाचक भगिनी अठरावं प्रकरण स्वतःहून बांधून ठेवतात हे मुरारीरावांनी त्यांना मोठ्या अभिमानानं कळवलं होतं. तेव्हा आता पत्राची वाट पाहण्यात अर्थ नाही, दिवाळीनंतर सतरा प्रकरणांचीच आवृत्ती काढू, असा त्यांचा विचार होता. बाईंनी त्या दिवशी वर्गात तीनदा चुकीची बेरीज शिकवली.

इकडे गणपती संपता संपताच काही गिरण्यांत संप सुरू झाला आणि गणपतीला आलेले पुरुष परत गेलेच नाहीत. ठकूबाईच्या म्हाताऱ्याला तर मालकानं कायमची रजा दिली. कोंडाकोंडांत पोथीचा जयजयकार झाला. बाईंच्या कानावर तो आठवडाभर आला. मग येईनासा झाला. रविवारची पत्रं बंद पडली होती, कारण लिहायचं कोणाला?

दिवाळीला आठ दिवस उरले असताना, एका दुपारी ठकूबाई, तुळसा आणि आणखी सहा जणी बाईंच्या घरी आल्या. आल्या तशा भिंतीला टेकून बसल्या. पोथी आता काही तरी उलटली असणार आणि आपल्यावर शेकणार असं बाईंना वाटलं. त्यांनी चहा टाकला.

"टायमावर च्या," तुळसा अचानक म्हणाली. "सकाळी सातला, दुपारी चारला. म्हनतात, मुंबईत असंच असतं. कोंबड्यांचं खुराडं हलवलं. चूल मोडून दुसऱ्या अंगाला घातली, धूर जातो म्हनून. आता समदा धूर घरात. मी भात कापतेय नि ह्ये बांधावर बसून सांगतात कसा कापायचा."

"आमचा म्हातारा पहारा देतो," ठकूबाई म्हणाली. "तीस वर्सांची सवय. दारात काठी घेऊन बसतो. मी शेजारी गेले तर इचारतो, कुटं, कशाला, कवा येनार. काल माझी पाटी उघडून बघितलीन."

सगळ्या जणींनी मान हलवली. मग ठकूबाईनं खण सोडून पुस्तक काढलं आणि बाईंपुढे ठेवलं.

"दोरा सोडायचा हाय, बाय."

बाईंच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. "गोमाजी कुठंय?"

"त्यो नको. त्यो बाप्या. तुमीच वाचा. चाल नको, बोलतात तसं वाचा." आणि तिनं उठून दाराची आतली कडी लावली.

बाईंनी अठरावं प्रकरण वाचलं. वाचून झालं तेव्हा आठही जणी पुढे सरकून बसल्या होत्या. तुळसा डोळे पुसत होती. बाईंना त्या क्षणी दुसरं काहीही नको होतं.

"बेस हाय," शेवटी ठकूबाई म्हणाली. "दार लावलंत ते बरं केलंत. पर लावायच्या आधी त्याला भाकर बांधून द्यायची हुती. उपाशी मानूस दारातून हलत नाय."

बाईंनी तिथंच पत्र लिहिलं. इतकी वर्षं त्यांनी या बायकांची पत्रं लिहिली होती, पण त्या सांगतील तसं शब्दन् शब्द हे पहिलंच. भाकरीसुद्धा घातली. खाली दौतीतल्या शाईचे आठ अंगठे उठले.

तेवढ्यात दारावर थाप पडली. मुरारीराव दुपारचा चहा घ्यायला कचेरीतून आले होते.

"अगं, कडी का लावलीस?"

बाईंनी ठकूबाईकडे पाहिलं. ठकूबाईनं मानेनंच 'नाही' म्हटलं. बाईंनी पत्र दाराखालच्या फटीतून बाहेर सरकवलं. "हे आजच्या टपालात जायला हवं."

"जाईल. आणि मी आत कधी यायचं?"

"अजून एकदा वाचायचंय, म्हणतायत."

बाहेर पायरीवर आणखी कोणी तरी खोकलं. आवाज सोनबाचा होता. चारचा चहा चुकला म्हणून तो तुळसाला शोधत खाली आला होता. दोघे पायरीवर टेकल्याचं आत ऐकू आलं.

"काय वाचतायत वो?" सोनबानं विचारलं.

"अठरावं प्रकरण."

"त्यात काय हुतं?"

"मला नाही माहीत बुवा," मुरारीराव म्हणाले. "मी फक्त दोरा बांधायचो."

आत ठकूबाईनं चुलीपुढे बसून दोघांपुरत्या भाकऱ्या थापायला घेतल्या, आणि बाईंनी पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.