चिमाआत्यांचं बिनकामाचं जाणं

आमच्या चिमाआत्यांनी आमाला डोंगर चढायला शिकवलं ते खळ्यात. झोडनी उरकली हुती, खळं रिकामं हुतं, तितं त्यांनी पेंढ्याचे भारे एकावर एक रचून चढन केली आन मला, माज्या जावेला शेवंताला आन शेजारच्या कमळाकाकीला त्याच्यावरनं वर-खाली करायला लावलं. पेंढा घसरायचा, आमी आपटायचो, आन आत्या खाली उभ्या राहून मिसरी घासत म्हनायच्या, "टाच टेक गं. बोटांवर चालतेस ती, चोरीला निघालीस का?" तो पेंढा नंतर बैलांनी तोंडात घेतला नाय, ते येगळंच.

आत्या म्हंजी माज्या सासऱ्यांची भैन. आमच्या घराला लागून त्यांची एक खोली. लगीन झालेलं, पन पोर झालं नाय म्हनून नवऱ्यानं आनून सोडलं ते कायमचं. कुनी हळहळलं की म्हनायच्या, "मेला घोरायचा. माजीच सुटका झाली."

हे डोंगराचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते मुंबईवाल्यांमुळं. रविवारी पळसदरीच्या धरनावर लोकं येतात, टोप्या घालून, गळ्यात थर्मास लटकावून, आन मागच्या टेपाडावर चढून पानी बघत बसतात. आत्यांनी त्यातल्या एका बाईला धरून इचारलं, वर काय मिळतं. ती म्हनली, काय नाय, नुसतं बघायचं. आत्या घरी आल्या, जेवल्या. मंग भांडी घासता घासता म्हनल्या, "ह्या पान्यावर आपन धुनी धुतली, म्हशी धुतल्या, नवऱ्यांची उनीदुनी धुतली. बघितलं कवा?"

झालं, ठरलं. आपन बी जायचं, आन बिनकामाचं जायचं. हा त्यांचा शब्द, बिनकामाचं. कोयता नाय, दोरी नाय, धुन्याचं बोचकं नाय. कुनाकडं कोयता दिसला तर तितंच पुरीन म्हनल्या. कमळाकाकी म्हनली, घरी सांगू लाकडाला चाललो, उगा बोलनी नकोत. आत्या म्हनल्या, खोटं कशाला, बघायला चाललो म्हनून सांग. तिनं तसं सांगितलं तर तिचा नवरा घाबरून उठला आन म्हनला, कोन गेलं? आमच्याकडं चार बाया हात हलवत निघाल्या म्हंजी मयतच असते.

आत्यांची तयारी चालूच. भाकऱ्या कुनी भाजायच्या, सुकटीची चटनी कुनी करायची, सगळं ठरलं. मंग जमिनीवर चिंचोके मांडून त्यांनी चालायची रांग दाखवली. आत्या पुढं, कारन साप त्यांना वळखतात. मधी शेवंता आन कमळाकाकी, म्हंजी त्यांच्या बडबडीनं वानरं पळतील. मी शेवटी, आन माज्या चिंचोक्याला चिकटून एक बारका चिंचोका, तो माजा मिलिंद, नुकता रांगायला लागलेला.

मी आधीच भित्री. सापाची भीती, वानरांची भीती, कडा म्हनलं तरी मी दोन पावलं मागं. त्यात निघायच्या सकाळी सासूबाईंनी मला चुलीपाशी बोलवलं आन हळूच सांगितलं, "जा, पन पोर चिमाच्या हातात देऊ नको." आमच्याकडं दीक्षा घेतली तवा देव्हाऱ्यातले देव सगळे गेले, पन वांझेची नजर तेवढी घरात राहिली. आत्यांना हे ठाऊक हुतं. मिलिंद झाल्यापासनं त्यांनी त्याला एकदा बी घेतलं नव्हतं. उंबऱ्याबाहेर हात पाठीमागं बांधून उभ्या राहायच्या आन लांबनंच म्हनायच्या, "काय रं मुकादमा, जेवलास का?"

तर निघालो. वाटेत काय झालं नाय, नुसती बडबड आन धाप. पन टेपाडाच्या माथ्याशी गेलो तर शेवटाला एक कातळ, माज्या छातीएवढा, दोनी हात लावल्याशिवाय चढता यायचं नाय. त्या तिघी चढल्या. आन वर जाऊन शेवंतानं काय करावं? निरीतनं दोरी काढली. कमळाकाकीच्या वटीतनं कोयता निघाला. समोर वाळकी फाटी दिसली आन दोघी पान्याकडं पाठ करून जाळीत शिरल्या, बघायचं ऱ्हायलं. आत्या वरनं त्यांच्या सात पिढ्या काढत हुत्या.

मी खालीच. काखेत पोर, पायाखाली मुरूम, तो सरकायला लागला. एक पाय टेकवला की दुसरा जायचा. मागं बघितलं तर सरळ खाली उतार. शेवंताला हाका मारल्या तर ती फाटी तोडन्यात गर्क. आत्या कातळाच्या कडेला येऊन बसल्या, हात पुढं केले, आन परत मागं घेतले.

"थांब," म्हनल्या, "शेवंताला आनते. हलू नको."

त्या उठल्या. माजा पाय परत सरकला.

"आत्या, धरा ह्याला."

"घरी कळलं तर?"

"धरा म्हनते ना."

त्यांनी धरलं. चुलीवरनं उतरवलेली भरली हंडी धरावी तसं, अंगापासनं लांब. मी कशीबशी गुडघे सोलत वर चढले आन बघते तर आत्या ताठ उभ्या, मान पार पलीकडं वळवलेली.

"मी त्याच्याकडं बघत नाय हां," त्या म्हनल्या. "पान्याकडंच बघते. काय बी लागायचं नाय त्याला."

खाली सगळं पानी पसरलं हुतं, हिरवंगार, आन त्याच्या कडेनं गाडी खंडाळ्याकडं रखडत चालली हुती. एवढं मोठं पानी मी कवा बघितलं नव्हतं. पन माजं ध्यान त्यांच्या हातांकडं. ते अजून तसेच ताठ, अंगापासनं लांब. मिलिंद मजेत. त्यानं त्यांचा कान धरला, मंग नथ वढायला गेला, तरी त्या मान वळवीनात, डोळ्याला पानी आलं तरी वळवीनात.

मी हात पुढं केला नाय. म्हनलं, "आत्या, बघा की त्याच्याकडं."

"नको गं."

"मी सांगते ना. त्याची आय हाय मी."

लय येळानं त्यांनी मान वळवली. मिलिंदनं त्यांच्या तोंडावर थापटी मारली आन त्याच झटक्यात त्यांच्या लुगड्यावर मुतला. मी धावले, तर त्यांनी त्याला उराशी वढलं आन ओल्या लुगड्यानिशी तितंच खाली बसल्या, पान्याकडं पाठ करून.

जाळीतनं कमळाकाकी आन शेवंता डोक्यावर मोळ्या घेऊन आल्या. काकी म्हनली, चला, उन्हं कलली, झालं का बघून?

आत्यांनी मान वर केली नाय. म्हनल्या, "गप बसा गं. आत्ता कुठं बघाय लागले."