आप्पा साटमांचे ब्रेक

दोन वर्षांपूर्वी मी नवी गाडी घेतली, त्या दिवशी आमच्या सोसायटीतल्या बहुतेकांनी तिचा रंग पाहिला, काहींनी किंमत विचारली आणि तळमजल्यावरच्या आप्पा साटमांनी तिच्या चाकात बोटं घातली.

गाडीला झेंडूचा हार, माझ्या हातात पेढ्यांचा बॉक्स, बायको नारळ फोडायच्या तयारीत. आणि हे सत्तरीला टेकलेले गृहस्थ पुढच्या चाकासमोर उकिडवे बसून, चाकाच्या जाळीतून दोन बोटं आत सरकवून, डोळे मिटून ब्रेकच्या चकतीवर नख फिरवतायत. मी पेढा पुढे केला. आप्पांनी बोटं पँटला पुसली, पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "काठ नाही आलेला."

चकती घासून पातळ झाली की कडेला एक काठ उरतो, तो ते शोधत होते.

"आप्पा, गाडी आज शोरूममधून आणलीय!"

"म्हणून नाही आलेला. येईल."

मला राग आला, हे कबूल करतो. पण आप्पांच्या दृष्टीने ते आशीर्वाद देत होते. गाडीचं इंजिन, तिचा वेग, तिचं काचेचं छप्पर, यांतल्या कशातच त्यांना रस नाही. गाडी थांबते कशी, एवढंच ते बघतात. मूळचे कणकवलीकडचे, जन्म मात्र लालबागचा आणि गेली पस्तीस वर्षं आमच्या मुलुंडात, पूर्वेला. एरवी आमच्यासारखंच बोलतात, पण तत्त्वज्ञान सांगायचं झालं की मालवणीत शिरतात. "पळाक काय, बैलपण पळता. थांबाक येवक व्हया." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून माणसांबद्दल, राजकारणाबद्दल आणि एकदा लग्नातल्या एका भाषणाबद्दलही ऐकलंय.

भांडुपच्या एका कारखान्यात ते तपासणी खात्यात होते. दुसऱ्याने बनवलेल्या मालात खोट काढायची आणि वर पगार घ्यायचा, अशी सुखाची नोकरी. रिटायर झाले तेव्हा मिळालेलं घड्याळ त्यांनी मेव्हण्याला देऊन टाकलं आणि स्वतःसाठी जाडी मोजायचा व्हर्नियर विकत घेतला. तो कायम शर्टाच्या खिशात. एकदा त्यांनी जेवताना बायकोच्या, म्हणजे सुनंदावहिनींच्या, चपातीची जाडी मोजली आणि "कडेला दीड, मधे सव्वा" असं जाहीर केलं. त्या दिवशी आप्पा रात्रीपर्यंत उपाशी होते म्हणतात. खाल्लं नाही की मिळालं नाही, ते मी विचारलं नाही.

कुणाकडे सत्यनारायण असला की आप्पा दाराबाहेर आधी पाच मिनिटं थांबतात. तिथे चपला असतात. त्या उलट्या करून तळ कुठे झिजलाय ते बघतात आणि मग आत येऊन तीर्थ घेता घेता सांगतात, "कुलकर्णी, तुमचं डावं चाक बाहेर जातंय." लोक हसले. महिन्याभराने कुलकर्ण्यांना डॉक्टरने कंबरेचं दुखणं सांगितलं, आणि तिथेच सगळी वाट लागली. तेव्हापासून सोसायटीतली शहाणीसुरती माणसं हातात चप्पल घेऊन साटमांची बेल वाजवतात.

आप्पांची स्वतःची गाडी म्हणजे काळी, सात माणसांची, डिझेलवर चालणारी एक जुनी धिप्पाड एसयूव्ही. तिच्या ब्रेकला आजवर कुठल्याही मेकॅनिकचा हात लागलेला नाही. आपला हात जगन्नाथ. घासलेले ब्रेक पॅड ते फेकत नाहीत. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत ठेवतात आणि वर पट्टी चिकटवतात : 'पुढचा उजवा, आतला. चार मिलिमीटर उरला.' पाहुणा आला की घरात लग्नाचा अल्बम दाखवतात तसे आप्पा हे डबे काढतात. "हा बघ, हा एका बाजूने खाल्लाय. का खाल्ला असेल?" पाहुण्याला श्रीखंडाची आशा लागलेली असते.

आता या गाडीची एक भानगड सांगायला हवी. गाडी आप्पांच्या एकट्याची नाही. ती त्यांनी आणि त्यांच्या थोरल्या भावाने, म्हणजे आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या वसंतदादांनी, मिळून घेतली. कागदपत्रं दादांच्या नावावर, किल्ली आप्पांकडे. आणि या दोघांमध्ये गेली अकरा वर्षं अबोला आहे.

कारण काय, तर लादी. गावच्या घराची पडवी शेणाने सारवलेली होती. दादांनी एका मे महिन्यात आप्पांना न विचारता तिथे चकचकीत लादी बसवून घेतली. आप्पांनी ती पाहिली, त्यांचा पाय सटकला, आणि त्या दिवसापासून त्यांनी लादीवर पाऊल ठेवलेलं नाही. अकरा वर्षं हा माणूस स्वतःच्या घरात मागल्या दाराने शिरतो. गणपतीच्या आरतीलासुद्धा स्वयंपाकघरातून वळसा घालून येतो.

पण गणपतीला गावी जायचं ते दोन्ही कुटुंबांनी, आणि याच गाडीतून! मुलुंड ते चिपळूण आप्पा चालवणार, चिपळूणपासून पुढे दादा. वाटेत चहाला कुठे थांबायचं, हे एक भाऊ आपल्या बायकोला विचारतो, ती जावेला, जाऊ नवऱ्याला, आणि उत्तर त्याच रस्त्याने परत येतं. तोवर हॉटेल मागे गेलेलं असतं. मी एकदा विचारलं, "आप्पा, बोलत नाही तर एकत्र जाता कशाला?" आप्पा माझ्याकडे मी वेडा असल्यासारखे बघायला लागले. "गणपती काय दोन आहेत?"

वर्षातून एकदाच हे दोघे एकमेकांशी थेट बोलतात. निघण्याआधीच्या एखाद्या रविवारी आप्पा ब्रेकमधली हवा काढतात. हे एकट्याचं काम नाही. एकाने सीटवर बसून ब्रेक दाबून धरायचा. दुसऱ्याने चाकाशी बसून बारीकसा नट सैल करायचा, बुडबुड्यांचं तेल बाटलीत येऊ द्यायचं आणि नट आवळायचा. मग पहिल्याने पाय सोडायचा. चारही चाकांना असं आठ-दहा वेळा. दादांना हाक मारायची सोय नाही, म्हणून आप्पा ड्रायव्हरच्या बाजूचं दार सताड उघडून ठेवतात. दादा गॅलरीतून ते बघतात आणि खाली येतात. पुढचा तासभर पार्किंगमध्ये फक्त एवढंच ऐकू येतं :

"दाब."

"दाबलंय."

"सोड."

काम संपलं की दादा वर, आप्पा घरात, आणि पुन्हा वर्षभर सामसूम.

यंदा उन्हाळ्यात दादांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आप्पा हॉस्पिटलात गेले नाहीत. पण सुनंदावहिनी डबा घेऊन जायच्या आणि परत आल्या की आप्पा आधी डब्याकडे बघायचे, किती खाल्लंय ते. जुलैमध्ये दादा काठी घेऊन घरातल्या घरात चालू लागले. डॉक्टरने गाडी चालवायलाही हरकत नाही म्हटलं. आणि मग एका संध्याकाळी दादांच्या बायकोकडून सुनंदावहिनींकडे आणि वहिनींकडून आप्पांकडे निरोप आला : "ह्या वर्सा आमका धरू नकात. गाडयेचो ब्रेक कडक, पायाक दाबूक जमाचा नाय. आणि सामानासारखो मागे बसान मी येवचंय नाय."

मी तेव्हा तिथेच चहा पीत होतो. आप्पा व्हर्नियर काढून कपाच्या कानाची जाडी मोजत बसले. एक गणपती दादांशिवाय, असं त्या घरात कधी झालेलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी आप्पांनी गाडी जॅकवर चढवली. दरवर्षी एखादा पॅड बदलणारा माणूस, यंदा सगळंच उपसायला निघाला. कुर्ल्याच्या सुट्या भागांच्या बाजारात चार खेपा झाल्या. पुढच्या चकत्या नव्या, पॅड नवे, मागच्या ड्रममधले शू नवे, तेलाच्या रबरी नळ्या काढून पोलादी जाळीच्या घातल्या. इथवर ठीक होतं. पण एका रविवारी ते दोन्ही हातांत एक मोठा काळा डबा धरून रिक्षातून उतरले, तेव्हा मी चक्रावलो. तो ब्रेकचा बूस्टर होता, याच गाडीच्या पुढच्या मॉडेलचा. बूस्टर मोठा असला की कमी जोर लावूनही ब्रेक लागतो, पेडल मऊ होतं.

आता, मऊ पेडलाला आप्पांइतक्या शिव्या महाराष्ट्रात कुणी दिल्या नसतील. माझ्या गाडीचं पेडल त्यांनी एकदा दाबून बघितलं होतं आणि "हे पेडल आहे की उशी?" म्हणून उतरले होते. पेडल कडक पाहिजे, पायाला कळलं पाहिजे, हा त्यांचा धर्म.

"आप्पा, हे काय?"

"स्वस्तात मिळाला," आप्पा म्हणाले आणि गाडीखाली शिरले. तो बसवायला त्यांना तीन दिवस लागले.

मी उंटावरचा शहाणा. दादा तर आता खाली येणार नाहीत, मग हवा काढणार कोण? म्हणून मी ऑनलाइन एक यंत्र मागवलं. हातपंप, बाटली आणि नळी. एकट्या माणसाला हवा काढता येते. रविवारी सकाळी मोठ्या ऐटीत ते घेऊन खाली गेलो.

आप्पांनी ड्रायव्हरचं दार सताड उघडून ठेवलं होतं. स्वतः मागच्या डाव्या चाकाशी पाट टाकून बसले होते.

मी यंत्राची माहिती सांगितली. त्यांनी ते हातात घेतलं, पंप दोनदा ओढून पाहिला आणि म्हणाले, "झकास आहे. ठेव तिकडे."

"अहो, ठेव काय? वापरा ना. अर्ध्या तासात काम."

"दोन माणसांचं काम आहे ते."

"मग मी दाबतो. पाय आहेत मला."

"तू बाटली धर. तुझा पाय नको."

दहा वाजले. साडेदहा झाले. ऊन पार्किंगमध्ये शिरलं. मी आणलेल्या वस्तूला कुणी हात लावत नाही म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. "आप्पा, दादा येणार नाहीत. निरोप आलाय ना तसा? काठी टेकत तिसऱ्या मजल्यावरून खाली यायचं त्यांनी, कशाला? ब्रेक दाबायला?"

आप्पांनी वर बघितलं. माझ्याकडे नाही, तिसऱ्या मजल्याकडे. सत्तर वर्षांच्या माणसाचा इतका लहान झालेला चेहरा मी कधी पाहिला नव्हता. मला माझी जीभ चावावीशी वाटली. हा माणूस अकरा वर्षं ज्या तासाभरावर निभावून नेत होता, तो वाचवायचं यंत्र मी त्याला कौतुकाने आणून दिलं होतं. मी ते उचलून माझ्या गाडीच्या डिकीत टाकलं आणि बाटली धरून गुपचूप बसलो.

अकराच्या सुमाराला लिफ्टचं दार वाजलं. आधी काठी आली, मग दादा. त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. काठी गाडीला टेकवली, पाय हाताने उचलून आत घेतला आणि सीटवर बसले.

"दाब," आप्पा म्हणाले.

"दाबलंय."

"सोड."

मागचं डावं झालं, मागचं उजवं झालं, मग पुढची दोन्ही. माझ्या हातातल्या बाटलीत आधी काळं, मग स्वच्छ तेल येत गेलं. शेवटचा नट आवळून आप्पा मला म्हणाले, "मिलिंद, त्यांना सांग, इंजिन चालू करून ब्रेक दाबून बघा."

दादा माझ्यापासून चार फुटांवर होते. "ऐकलं," त्यांनी मला सांगितलं.

इंजिन सुरू झालं. दादांनी गुडघा सांभाळत, दात आवळून पाय दाबला. आणि थांबले. पुन्हा दाबला. नुसत्या चवड्याने. मग आणखी एकदा, हलक्या अंगठ्याने दाबावा तसा. मग इंजिन बंद केलं.

"पेडल हलका केलंस?"

ते मला विचारत नव्हते. आप्पा फडक्याने पाना पुसत होते. पुसून झालेला पाना ते पुन्हा पुसायला लागले.

"निघूचा कधी?" दादांनी विचारलं.

"दोन दिस आधी," आप्पा पान्याकडे बघत म्हणाले. "फाटफटी, उजाडूच्या आधी."

"चिपळुणापासून मी."

"मगे कोण?"

एवढंच. मी हत्यारं गोळा करायला लागलो, कारण काम संपलं होतं. चारही चाकांचं तेल मी स्वतः बाटलीत धरलं होतं. पण आप्पांनी पाट उचलला, गाडीला वळसा घालून गेले आणि पुन्हा मागच्या डाव्या चाकाशी टाकून बसले. मी तोंड उघडणार होतो. तेवढ्यात दादांकडे लक्ष गेलं. चार चाकं दादांनाही मोजता येतात. ते उतरले नव्हते. त्यांनी पाय पेडलवर ठेवला होता आणि ते वाट बघत होते.

"दाब," आप्पा म्हणाले.

मी बाटली घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.