अडतीस क्रमांकाची बाई

अडतीस क्रमांकाची बाई खोटारडी आहे, याबद्दल तपासनीसच्या मनात तिळमात्र शंका उरली नव्हती. वय तीस ते चाळीसच्या मधलं, वजन शेहेचाळीस किलो, काम बैठं, आणि रोजचं खाणं एकोणतीसशे कॅलरी. सकाळी तीन अंडी, दुपारी भातावर भात, संध्याकाळी केक आणि रात्री बटाट्यांवर पुन्हा बटाटे. तपासनीसने लाल शाईत शेरा मारला, 'ही व्यक्ती एक तर दगड फोडते किंवा थापा मारते. बाद.' खाली झोकात सही केली. स्वतःचं वजन तिने शेवटचं कधी बघितलं होतं, हे मात्र तिला आठवत नव्हतं.

ती ज्या संस्थेत काम करत होती, तिथे मोबाइलवरच्या एका आहार अ‍ॅपमधल्या नोंदी जमा होत. दोनशे सहा माणसं, आठ आठवडे, कोण काय आणि किती खातं याचा रोजचा तपशील. त्यावरून एका मोठ्या रुग्णालयातल्या रोग्यांचं जेवण ठरणार होतं. यातल्या विश्वासाच्या नोंदी कुठल्या आणि फेकायच्या कुठल्या, हे ठरवायचं काम तिचं. माणसं कमी पडली तेव्हा कार्यालयातल्या सगळ्यांनी आपापल्या घरची मंडळी यादीत घातली होती. पण क्रमांक चिठ्ठ्या टाकून दिलेले, आणि नावंपत्ते साहेबांच्या कपाटात बंद पाकिटांत. त्यामुळे कोण कितवा, हे ज्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

साहेबांना घाई होती. लोक काही काटा घेऊन जेवायला बसत नाहीत, थोडं इकडचं तिकडे व्हायचंच, सगळ्या नोंदी पास करून टाका, असं त्यांचं म्हणणं. तपासनीस बधली नाही. खोट्या आकड्यावर एखाद्या आजारी माणसाचं ताट मांडलं जाणार, ही कल्पनाच तिला सहन होत नव्हती. दुधाचं दूध आणि पाण्याचं पाणी झाल्याशिवाय मी सही करणार नाही, असं तिने तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायला गेली तेव्हा साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"असं करू, मॅडम. तुमच्या मते सगळ्यात चांगली नोंद कुठली आणि सगळ्यात वाईट कुठली, ते सांगा. दोन्ही घरी जाऊन स्वतः तपासू. दोन्ही निवाडे बरोबर निघाले तर तुमचा अहवाल जसाच्या तसा पाठवतो आणि तुमची नोकरी कायम करतो. एक जरी चुकला, तर सगळ्या नोंदी पास. नोकरीचं मग बघू."

"चालेल," ती म्हणाली.

वाईट नोंद कुठली, हा प्रश्नच नव्हता. चांगली नोंद एकशे बारा क्रमांकाची. चाळिशीचा पुरुष, रोज सोळाशे कॅलरी, एकही खाडा नाही, गोड नाही, दुसऱ्यांदा वाढून घेणं नाही. असा संयम तिने पुरुषात पाहिला नव्हता. त्या संध्याकाळी नवऱ्याचा हात पुन्हा भाताच्या पातेल्याकडे वळला, तेव्हा तिला राहवलं नाही. आमच्याकडे तुझ्याच वयाचा एक माणूस आहे, एकदा वाढून घेतो आणि उठतो, अशा माणसाकडून काही शिकावं, असं तिने त्याला ऐकवलं. नवऱ्याने चमचा खाली ठेवला. सासूबाई शेजारी टॅबलेटवर त्या दिवसाचं जेवण लिहीत होत्या.

घरातल्या तिघांच्या नोंदी सासूबाईच करत. नवऱ्याला कंटाळा, आणि तपासनीसला वेळ नव्हता, कारण ती दिवसभर लोकांची जेवणं वाचण्यात गुंतलेली. 'आई, तेवढं लिहून टाका हं,' म्हटलं की तिचं काम संपे. सासूबाईंनी बत्तीस वर्षं औषधांच्या दुकानात पुड्या बांधल्या होत्या. चिमूटभर पावडर जास्त गेली तर माणूस जातो, हे त्यांच्या हातांना माहीत होतं. त्या जेवणाआधी पातेलं तोलत, जेवणानंतर तोलत, आणि डब्यातून परत आलेलंही तोलत. असं माणूस घरात असल्यावर स्वतःच्या नोंदींची काळजी तिने कशाला करावी?

शनिवारी सकाळी साहेबांनी पहिलं पाकीट फोडलं, पत्ता वाचला आणि चष्मा पुसला. दुसरं फोडलं आणि पुन्हा चष्मा पुसला.

"पेट्रोल वाचलं, मॅडम," ते म्हणाले. "दोन्ही माणसं एकाच घरातली आहेत."

तपासनीसला सगळ्यात आधी एकशे बारा क्रमांकाची कीव आली. एवढा संयमी गृहस्थ, आणि बिचाऱ्याच्या पदरी ही खादाड, थापाडी बायको. मग साहेबांनी दोन्ही कागद तिच्यापुढे सरकवले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. पत्ता तिचाच होता.

"मी एवढं खात नाही, सर."

"ते दिसतंच आहे. आणि ही बाई थापा मारते, असं तुम्हीच सही करून लिहिलंय."

साहेब तसे मनाचे वाईट नव्हते. चिठ्ठ्यांमध्ये घोळ झाला असेल, आपण दुसरी दोन घरं घेऊ, असं त्यांनी सुचवलं. पण दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात काटा घेऊन घुसायचं आणि आपल्या दाराशी आलं की पाय मागे घ्यायचा, हे तिच्या रक्तात नव्हतं. तिने कार्यालयाचा वजनकाटा काखोटीला मारला आणि जिना उतरायला लागली.

घरी नवरा जेवत होता. समोर भाताचा ढीग, आणि तो पहिला नव्हता हे पातेलं सांगत होतं. बायको, तिचे साहेब आणि काटा एकदम आत आलेले बघून तो तोंडातल्या घासासकट उभा राहिला. तपासनीसने टॅबलेट उघडला. नवऱ्याच्या नावावर एक वाटी भात. तिच्या नावावर तीन वाट्या, तेही ती घरात पाऊल टाकायच्या आधी.

"आई, हे काय आहे?"

सासूबाईंनी हात पुसले. "वजनात मी आयुष्यात कधी खोटं केलं नाही. नाव तेवढं बदललं."

"पण का?"

"त्याच्या नावावर लिहिलं की त्याचे डॉक्टर ते अ‍ॅपमध्ये बघतात आणि ओरडतात. मग हा दोन दिवस तोंड पाडून बसतो. तुझ्या नावावर लिहिलं तर कुणाचं काय बिघडतं? तू एवढीशी. तुला कोण बोलणार?"

"मी बोलले, आई. लाल शाईत."

साहेबांना हे सगळं पटेना. नाव बदलणारं माणूस वजन कशावरून बदलत नसेल? त्यांनी पातेलं आणवलं, ताटं आणवली, उरलेलं सगळं काट्यावर चढवलं. सासूबाईंच्या नोंदींशी ताळा केला तेव्हा अख्ख्या घराच्या जेवणात तीन ग्रॅमचा फरक आला. तो तुमच्या काट्याचा दोष आहे, असं सासूबाईंनी शांतपणे सांगितलं. साहेबांनी काटा रिकामा करून पाहिला. रिकाम्या काट्यावर तीन ग्रॅम दिसत होते.

अडतीसचा निवाडा बरोबर ठरला होता आणि एकशे बाराचा साफ चुकला होता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. एकशे बाराबद्दल अहवालात काही लिहूच नका, तुमची नोकरी कायम होईल, असं साहेब जिन्यात हळूच म्हणाले. तपासनीसला मोह झाला नाही असं नाही. नोकरी तिची होती, सासूही तिचीच, म्हणजे आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण रुग्णालयातलं ताट तिच्या घरातलं नव्हतं. तिने दहा दिवस मागितले. प्रत्येक घरी एकच प्रश्न विचारायचा होता, नोंदी कोण लिहितं? साहेब नाही म्हणणार, एवढ्यात तिने त्यांनाच विचारलं की तुमच्या घरी कोण लिहितं. साहेबांनी चष्मा पुसला आणि दहा दिवस मिळाले.

ती दहा दिवस फोनला चिकटून राहिली. निम्म्याहून जास्त घरांत एकच माणूस सगळ्यांचं लिहीत होतं. कुठे मुलाची बिस्किटं बापाच्या नावावर, कुठे बायकोचे वेफर्स नवऱ्याच्या नावावर. एका घरातला सगळा केक आठ आठवडे पाहुणे खात होते. पण अशा घरांची एकत्र बेरीज केली की ती बहुतेक ठिकाणी वाणसामानाच्या पावत्यांशी बरोबर जुळे. म्हणजे घर खरं बोलत होतं आणि माणसं खोटी. तिने अहवालाच्या पहिल्याच पानावर स्वतःची चूक लिहिली, आणि दुसऱ्या पानावर लिहिलं की या नोंदींवरून एकाही रोग्याचं ताट ठरवू नये. साहेबांनी तो दोनदा वाचला, सुस्कारा सोडला आणि सही करून पाठवला. पुढच्या आठवड्यात ती कायम झाली.

घरी नवा नियम लागू झाला. ज्याचं त्याच्या नावावर. नवऱ्याने डॉक्टरांची बोलणी खाल्ली, तोंड पाडलं, आणि मग एक वाटी कमी केली. पहिल्या रविवारी सासूबाई चष्मा लावून आठवड्याच्या बेरजा बघत बसल्या. सुनेच्या नावापुढे त्या थांबल्या.

"हे अर्धंच आलंय."

"पूर्ण आहे, आई."

"रोजचं अकराशे?"

"कामात राहून जातं."

सासूबाईंनी चष्मा काढला. डबा रोज परत येत होता, त्यातलं उरलेलं रोज तोललं जात होतं, आणि नोंदीत त्यावर लेकाच्या भाताचा ढीग रचला जात होता. त्या ढिगाखाली काय आहे, ते त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त स्वतःचा राग आला.

"माझ्या नोंदी बाद झाल्या, त्याचं मला काही नाही," त्या म्हणाल्या. "पण तू माझ्या घरात अर्धपोटी राहतेस, आणि मला ते काट्यावरून कळावं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासनीस घाईघाईत पर्स घेऊन निघाली, तर टेबलावर तिची बशी मांडलेली होती. बशीत तीन अंडी होती. दुपारचा डबाही रोजच्यापेक्षा जड होता. मला एवढं जाणार नाही, असं तिने सांगून पाहिलं. सासूबाईंनी टॅबलेट तिच्यापुढे सरकवला. आजची नोंद तिच्या नावावर लिहून झाली होती, ग्रॅमसकट.

"खोटी नोंद मला चालत नाही, असं तूच म्हणतेस ना?" त्या म्हणाल्या. "मग ही खरी कर."

तपासनीसने घड्याळाकडे पाहिलं, नोंदीकडे पाहिलं, आणि पर्स खाली ठेवून खायला बसली.